जळक्या क्लचचा वास

परवा दतिया गेटपाशी कुणाच्या तरी गाडीचा क्लच जळला. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मला मात्र हसू आलं, कारण त्या वासासरशी मी थेट काही वर्षांपूर्वीच्या, आमच्या नगरा वस्तीतल्या गणपतीच्या मिरवणुकीत जाऊन पोचले.

लक्ष्मी गेटच्या चढावर बाप्पांची ट्रॉली ओढणारी जीप बंद पडली होती. निरोपाची आरती झालेली, म्हणजे बाप्पांना मागे फिरवणं शक्यच नव्हतं. दादानं आपली नवी कार जोडली. इंजिन किंचाळलं, हाच वास सुटला, पण ट्रॉली तसूभर हलली नाही.

"ट्रॅक्टरच्या दुप्पट हॉर्सपॉवर आहे हिची!" ट्रॅक्टर आणू या, असं मी म्हणताच तो चिडला.

"हॉर्सपॉवर म्हणजे काम किती झपाट्यानं उरकतं ते, दादा. इथं चाक फिरवणारा जोर हवाय, टॉर्क. तुझ्या गाडीला तो इंजिन भरधाव फिरल्यावर येतो, ट्रॅक्टरला हळू फिरतानाच असतो."

शेजारच्या मिश्राजींचा ट्रॅक्टर मी मागून घेतला.

"सम्हाल के, बिटिया!" किल्ली देताना ते म्हणाले.

पहिला गिअर टाकला. इंजिन संथ धडधडलं, दोर ताणला गेला आणि बाप्पा डुलत चढ चढू लागले. ढोलाच्या आवाजाच्याही वर आरोळी उठली.

तेव्हा वाटलं होतं, दादाला हरवलं. आता तोच दरवर्षी ट्रॅक्टर धुऊनपुसून हार घालतो, किल्ली माझ्या हातात देतो आणि पुढे नाचत सुटतो.