सामाईक भिंत

भिंत पडली तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात विस्तव. समोर नुसता धुरळा. त्या धुरळ्यात माझ्या तीन महिन्यांच्या मुलीचा पाळणा होता आणि तो मला दिसत नव्हता. रडणंही ऐकू येत नव्हतं.

चिंचवडला नदीकडच्या जुन्या आळीत आमचं आणि चाचीचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, हातभर जाड, पांढऱ्या मातीची. चाची म्हणजे शेजारच्या कल्हईवाल्याची बायको. भिंतीत वीतभर भोक होतं. एकीची चूल विझली की तिनं भोकापाशी पळीनं दोनदा ठोकायचं, दुसरीनं विस्तव द्यायचा. बोलावं लागत नसे.

मालक, म्हणजे माझे यजमान, पिंपरीच्या कंपनीत लागले आणि त्यांना मातीच्या भिंतीची लाज वाटू लागली. आमच्या बाजूनं त्यांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला. आळीतला म्हातारा गवंडी म्हणाला, "राव, आतली वल जाईल कुठं?"

"तुमच्या पोटावर पाय येतो म्हणून बोलताय," मालक म्हणाले.

ती ओल चाचीकडे गेली. श्रावणात ती भोकातून म्हणाली, "बेटी, तुझी भिंत माझ्याकडं घाम गाळतीया. पोट आलंय तिला."

मी मालकांना सांगितलं. "भिंत बाळंत झाली की बघू," ते म्हणाले. मीही हसले.

दोन दिवसांनी सकाळी पळी वाजली. दोनदा नाही, वाजतच राहिली. पावसाच्या आवाजात चाचीचं बोलणं कळेना. मला वाटलं, तिला विस्तवाची घाई आहे. पाळण्यावरून वळून मी चुलीकडे गेले. "थांबा की, देते," असं ओरडलेसुद्धा.

भिंत चाचीच्या अंगाला कोसळली. आमच्या आळीत छपराचा भार लाकडी खांबांवर असे, भिंतीवर नसे. म्हणून तुळई हलली नाही आणि तुळईला टांगलेला पाळणाही पडला नाही. धुरळा बसला तेव्हा मुलगी दिसली, पापण्यांपर्यंत पांढरी. मग ती रडली.

आता लोक आळीत येतात, त्या खांबांचे फोटो काढतात. खांब चांगलेच होते. भिंतीबद्दल कोणी विचारत नाही. मालकांनी ती पुन्हा मातीचीच घातली.

चाचीच्या मागे दार उघडं होतं. ती गेली नाही, ठोकत राहिली. मुलगी आणि मी वाचलो. चाची वाचली नाही.