मानाचा पहिला कॅन

या भूतलावर अशी एकही वस्तू नाही, जी चार बोटे इकडे किंवा तिकडे सरकवल्याने अधिक सुखी होणार नाही, असे मनापासून मानणारा एकच मनुष्य मला ठाऊक आहे. ते म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. नगरच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे काढली. कामगारांना गटागटाने बसवून, कामातल्या अडचणी लहानलहान सुधारणांनी त्यांच्याकडूनच सोडवून घेणे, हे त्यांचे काम. ते निवृत्त झाल्याचे कारखान्याने त्यांना रीतसर कळवले. त्यांच्या डोळ्यांना मात्र कोणी कळवले नाही. बहिणीच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीभोवती त्यांनी खडूचे वर्तुळ काढले आहे. बरणी वर्तुळाबाहेर दिसली की ते सुनेला एक शब्द बोलत नाहीत. वर्तुळालाच विचारतात, "का रं, जागा चुकली का तुझी?" आणि ते पुसून, बरणी जेथे सापडली तेथे नवे काढतात! तिच्या लग्नातसुद्धा वरमाला पडल्यावर वरपिता दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ते पंगतीच्या टोकाशी सापडले. वरणवाला आणि भातवाला एकमेकांवर तीनदा आदळलेले त्यांनी पाहिले होते. दोघांना चहा पाजून ते एवढेच म्हणाले, "कोन कुठून निघनार ते तुमचं तुमीच ठरवा." पुढची पंगत धक्क्याविना उठली, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो आनंद होता तो सूनमुख पाहतानाही नव्हता, अशी बहिणीची अजून तक्रार आहे.

अशा या गृहस्थांना मी आमच्या केंद्रावर बोलावले, ते धीर करून नव्हे, धीर सुटला म्हणून. मिरजगावच्या पुढे हमरस्त्याला लागून दुधाचे शीतकरण केंद्र आहे. मी तेथला प्रमुख. सहा गावांचे दूध सकाळी टेम्पोंनी येते, ओट्यावर तपासले जाते आणि थंड टाकीत पडते. त्या वर्षी उन्हाळा नेहमीपेक्षा कडक होता आणि रोज एकदोन गावांचे दूध टाकीत पडण्याआधीच नासू लागले. वरून पत्र आले, की महिनाभरात हे थांबले नाही तर केंद्र बंद करून दूध परस्पर शहराकडे वळवण्यात येईल. आम्ही अकरा माणसे होतो. त्यांतल्या बहुतेकांना पूर्वी दर हंगामात बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जावे लागे. केंद्रामुळे त्यांचे ते जाणे सुटले होते.

व्याही आले ते शाळकरी पाटी घेऊन. दोन दिवसांत सगळे केंद्र त्यांना 'पाव्हनं' म्हणू लागले. "एका टायमाला एकच बदल, आन त्याला आठ दिवस," हा त्यांचा नेम. त्यांनी प्रथम, कॅन शोधण्यात वेळ जात असावा अशा समजुतीने, प्रत्येक गावाच्या कॅनला निराळा रंग देवविला. पिवळा एकाही गावाला नको होता. त्यावरून दोन दिवस रुसवेफुगवे चालले. आठव्या दिवशी दूध पूर्वीइतकेच नासत होते. मी खाली मान घालून तसे सांगितले, तर हे माझ्या हातावर टाळी देऊन ओरडले, "फसलं! एक कारन तर कटाप झालं की, साहेब!" पराजयाने इतका उल्हसित झालेला मनुष्य मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मग त्यांनी सर्वांना ओट्यावर बसवून वेळा टिपलेली पाटी वाचली. "पैला टेम्पो सातला येतो. पैला कॅन वततात आठला. मधला तास काय करता?"

"वाट पाहतो," मी म्हणालो.

"कुनाची?"

"मानाच्या गावाची."

आता ही आमची रीत अशी, की ज्या गावाने केंद्राला जागा दिली, त्याचे दूध टाकीत पहिले पडायचे. ते गाव अगदी शेजारी. म्हणूनच तेथली मंडळी सावकाश निघत, आणि पहाटेपासून रस्त्यावर असलेली लांबची गावे उन्हात तिष्ठत बसत. बर्फ, टेम्पोवाले, कॅनची झाकणे, सर्वांना दोष देऊन झाला होता. त्या तासात मी नऊ वर्षे सह्या उरकत आलो होतो. त्याला अडचण म्हणावे हे मला कधी सुचलेच नाही!

"मग तो मान बंद करावा लागेल," मी चाचरत म्हणालो.

"मान बंद केला तर उद्या गाव बंद हुईल. ल्हान सांगा, साहेब, ल्हान!" आणि ते एकदम कॅन धुणाऱ्या शेवंताबाईंकडे वळले. "बाई, तुमी काय म्हंता?"

"माझं काय ऐकता पाव्हनं, मी धुनारी."

"म्हनूनच. कॅन तुमच्याइतका कुनी पाह्यलाय?"

शेवंताबाईंनी पदर सावरला. "मान दुधाला हाय का टेम्पोला? एकच कॅन आना की फटफटीवर लवकर. त्यो वता पैला. बाकीचं येऊ द्या निवांत."

सगळा ओटा एकदम बोलू लागला! गलका ओसरल्यावर प्रश्न उरला, की मानाचे गाव ज्यांच्या शब्दावर चाले त्या आबांना हे सांगायचे कोणी. सर्वांनी व्याह्यांकडे पाहिले. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. "मी पाव्हना. पाव्हन्यानं मानाला हात लावू न्हाई."

आबांच्या ओसरीवर मी पाठ केलेले भाषण निम्मे विसरलो. आबांनी सुपारी कातरून संपवली.

"म्हंजे आमचा टेम्पो मागं?"

"टेम्पो मागे, आबा, पण पहिले दूध तुमचेच."

"आन फटफटीवर कॅन धरून कोन बसनार?"

"ते अजून ठरवले नाही."

"तुमाला काय ठरिवता येतंय! मी बसतो."

दुसऱ्या दिवशी सातला दहा कमी असताना फटफट ऐकू आली. पुढे पुतण्या, मागे कडक फेट्यातले आबा, मांडीवर कॅन, कॅनला झेंडूचा हार! शेवंताबाईंनी कॅनला हळदकुंकू लावले. दूध टाकीत पडले आणि हातातले घड्याळ उंच धरून व्याही "सात वाजून चार मिन्टं!" असे ओरडले, की रस्त्यावरचा ट्रकवाला थांबला. त्यामागोमाग लांबच्या गावांचे कॅन धडाधड रिकामे होऊ लागले. आठ दिवसांत एकही कॅन नासला नाही. महिना संपला आणि केंद्र चालू ठेवावे असे पत्र आले, तेव्हा शेवंताबाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

व्याह्यांचे येणे मग हळूहळू कमी झाले. परवा त्यांचा फोन आला.

"पैला कॅन कवा वतला?"

"सात वाजून दोन मिनिटांनी, मामा."

"दोन मिन्टं कशानं कमी झाली?"

"शेवंताबाईंनी वाटेत आडवी येणारी पाण्याची नळी ओट्याच्या अलीकडे घेतली."

"कुनाला इचारून?"

"कुणालाच नाही."

पलीकडे ते कितीतरी वेळ हसत होते. मग त्यांनी विचारले, "आन काय अडचन?"

मी प्रामाणिकपणे चहूकडे पाहिले. टाकी घुमत होती, ओटा धुऊन झाला होता, लोक घरी निघाले होते. "सध्या तरी काही नाही," मी म्हणालो.

"झ्याक झालं," ते म्हणाले. "मग मी यून तरी काय करू?"

फोन ठेवल्यावर मी ओट्याच्या कडेला बसून राहिलो. नुसते चहाला या, एवढे म्हणता आले असते. तेही मला वेळेवर सुचले नाही.