स्क्रीनवरचे आबा आणि आईचा पदर

गेमवाल्या दोस्तांनो, तासाभरापूर्वीचं सांगते. कॉम्प्युटर अजून चालूच आहे.

तुमच्यापैकीच कुणीतरी ग्रुपवर गेमला जोडायचा तो मॉड टाकला होता. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक माणूस दिसत राहतो. त्याचा चेहरा, कपडे, सगळं आपण ठरवायचं. मी गंमत म्हणून माझ्या आजोबांना बसवलं. पांढरी टोपी, धोतर, झुबकेदार मिशा. आबा गेल्या वर्षी गेले.

आज मी ट्रॅक्टरचा गेम खेळत होते. आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि पटकन डोक्यावर पदर घेतला.

मला हसू आलं. "आई, गेम हाय तो. बस ना खाटेवर."

"मामाजी समोर हायेत," ती हळूच म्हणाली. सासऱ्यांसमोर ती कधीच बसली नाही. आजही उभीच राहिली.

तेवढ्यात माझा ट्रॅक्टर चिखलात फसला. आपलं काही बिघडलं की मॉडमधला माणूस मान खाली घालतो. आबांनी घातली.

"काहून त्यायले त्रास देऊन राह्यली?" आई म्हणाली. माझ्यासाठी आणलेला कप तिनं स्क्रीनसमोर ठेवला. "तुह्यासाठी दुसरा आणतो."

मग मला हसता आलं नाही.

तो चहा कधीचाच थंड झालाय. आई मधूनमधून डोकावून जाते, पदर डोक्यावरच असतो.

आमच्या इंझोरीत लाईट रोज जाते. आज नेमकी जात नाहीये. बंदचं बटण मीच कसं दाबू, सांगा ना?