तीन वाजता चार्ज दिला

आमच्या प्लांटच्या लॉगबुकात माझ्या हातचं एक खोटं वाक्य आहे. 'तीन वाजता चार्ज दिला.' खाली दोन सह्या, एक माझी आणि एक माझ्यानंतर पाळीवर येणाऱ्या जोडीदाराची. दोन्ही मीच केल्या होत्या, तेही तीनला वीस मिनिटं कमी असताना. त्याची सही मला त्याच्यापेक्षा बरी जमायची.

यात आपण काही वाईट करतो आहोत असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो आणि राहायला वाशीला. पहिली पाळी तीनला सुटायची आणि कंपनीची बस तीन-दहाला निघायची. प्लांटपासून गेटपर्यंत चालत दहा मिनिटं, शिवाय अंगावरचा पिवळा रंग धुवायचा तो वेगळाच. बस चुकली की रस्त्यावर तासभर धूळ खात उभं राहा. म्हणून सगळेच आधी चार्ज लिहून मोकळे व्हायचे, आणि सुपरवायझरही न वाचता खाली सही ठोकायचा.

जोडीदार घणसोली गावचा. त्यांची भातशेती कारखान्यांच्या जागेत गेली आणि त्या बदल्यात त्याला ही नोकरी मिळाली. खाडी मात्र अजून होती. दुसऱ्या पाळीला येण्याआधी तो जाळं लावायचा, त्यामुळे त्याचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालायचं. "उद्या पानी उशिरा उतरंल, मना थोरा येल व्हईल," असं तो आदल्या दिवशीच सांगून टाकायचा. मीही हो म्हणायचो, तो येईपर्यंत थांबायचं कबूल करायचो. त्याची परतफेड म्हणून आमच्या घरी खाडीतली मासळी यायची, कधी निवट्या, कधी चिंबोऱ्या.

त्या दुपारीही तो सांगून उशिरा येणार होता आणि रिॲक्टर, म्हणजे रसायनं शिजवायची बंद टाकी, तापत होता. जवळ उरला होता एकच माणूस, तोही ठेकेदाराचा. मराठवाड्यातून आलेला, तिशीतला, गोण्या वाहणारा आणि फरशी धुणारा. मी त्याला म्हणालो, "काटा नव्वदवर गेला की हे चाक उघड. तो येतोच आहे." रिॲक्टरखाली दोन चाकं शेजारी शेजारी होती, एक गार पाण्याचं आणि एक आतला माल खाली सोडायचं. मी बोटानं चाक दाखवलं आणि बसकडे पळालो. ते बोट नक्की कुठल्या चाकाकडे होतं हे मी इतक्या वर्षांत हजारदा आठवून पाहिलं. आठवत नाही.

काटा नव्वदवर गेला तेव्हा त्यानं सांगितल्याप्रमाणे चाक उघडलं, ते मालाचं निघालं. तापलेला माल त्याच्या पायांवर आला. आम्हा परमनंट लोकांना गमबूट होते, ठेकेदाराच्या माणसांना नव्हते. तो रबरी चपलांवर होता. हे तीन-वीसला झालं, जोडीदार तीन-चाळीसला पोचला आणि मी तोवर वाशीला बसमधून उतरत होतो.

गमबूट आम्हाला कंपनीनं कौतुकानं दिलेले नव्हते. युनियननं ते गेटबाहेर बसून मिळवले होते. त्याआधी चार माणसांत एक मास्क असायचा आणि ज्याला खोकला जास्त त्यानं तो लावायचा. मला क्षय झाला तेव्हा कंपनी मला काढायलाच निघाली होती. आमचा सेक्रेटरी, मूळचा फिटर, मॅनेजरच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसला आणि सहा महिने माझी जागा राखून ठेवली. माझा बँकेतला मेहुणा म्हणायचा, "तुमची युनियन म्हणजे कामचुकारांना पांघरूण." स्वतःच्या युनियनच्या जोरावर साडेपाचला घरी चहा पिणारा हा माणूस. मी त्याच्याशी तावातावानं भांडायचो.

आता ते पांघरूण माझ्याच अंगावर पडायची वेळ आली होती. आम्हा दोघांना चार्जशीट मिळालं. खोटी नोंद आणि कामावर गैरहजेरी. सिद्ध झालं असतं तर दोघंही घरी बसलो असतो.

चौकशीच्या आधी सेक्रेटरीनं आम्हाला युनियनच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"लॉगबुक काय बोलतंय? तीनला चार्ज दिला. दोन सह्या," तो म्हणाला. मग जोडीदाराकडे वळला. "म्हणजे तू हजर होतास. लघवीला गेलास. तेवढ्यात त्या ठेक्याच्या माणसानं स्वतःच्या अकलेनं चाक फिरवलं. बस. याच्या पुढं एक शब्द नको."

"आणि त्याचं काय?" मी विचारलं.

"त्याचं ठेकेदार बघेल. तो आपला मेंबर नाय."

हे तो निर्दयपणे म्हणाला नाही. त्याच्या डोक्यावर आमच्या सगळ्यांच्या चुली होत्या आणि तो रात्रंदिवस त्यांचाच विचार करायचा. त्या यादीत नसलेला माणूस त्याला दिसतच नव्हता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. सुटलो, एवढंच मनात आलं, आणि त्याची लाज आजही वाटते.

बाहेर आल्यावर जोडीदार माझ्याबरोबर गेटपर्यंत चालला. नेहमी बडबडणारा माणूस, पण त्या दिवशी पायाखाली बघत होता. "शेती गेली," तो म्हणाला. "खारीत पन आता कंपन्यांचंच पानी येतं, जाल्यात काय गावत नाय. ही नोकरी गेली तं पोरांना काय खिलवू? तू तेवरं बोल, सेक्रेटरी सांगतो तसं." मी हो म्हणालो. त्याला मी नेहमी होच म्हणत आलो होतो.

पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तो माणूस ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात होता. दोनदा मी तिकडे जायला निघालो आणि दोनदा बसस्टॉपवरून परत आलो.

चौकशी ऑफिसातल्या लांब टेबलावर झाली. समोर चौकशीसाठी कंपनीनं नेमलेले वकील, एका बाजूला कंपनीचाच लेबर ऑफिसर आणि आमच्या बाजूला बचावासाठी सेक्रेटरी. लेबर ऑफिसरनं वाचून दाखवलं की सदर इसमाने कोणाच्याही सूचनेशिवाय व्हॉल्व्ह उघडला असे कामगारांचे म्हणणे आहे. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे बरोबर आहे?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खिडकीतून गोदामाचं आवार दिसत होतं. ठेकेदाराची माणसं गोण्या वाहत होती, चपलांवर, आणि भाजलेल्या माणसाच्या जागी एक नवा माणूस आला होता. शेजारी बसलेला जोडीदार श्वाससुद्धा घेत नव्हता.

"चाक उघडायला मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

सेक्रेटरी तडक उठला. "साहेब, पाच मिनिटं द्या." त्यानं माझा दंड धरून मला व्हरांड्यात आणलं. त्याची बोटं दुसऱ्या दिवशीही दंडावर उमटलेली होती.

"डोकं फिरलंय का तुझं? तू एकटा नाय मरत, त्याला पण घेऊन चाललायस."

"त्याची सही मी केली, हेही सांगणार आहे. तो उशिरा येणार हे मला माहीत होतं. थांबायचं कबूल केलं आणि थांबलो नाही."

त्यानं माझा दंड सोडला. मग म्हणाला, "सांग. पण एक ऐकून ठेव. तू खरं बोललास म्हणून त्या माणसाला काय मिळणार नाय. आत बसलेत ते तुझा खरेपणा ऐकायला नाय बसलेत."

मी आत जाऊन सगळं सांगितलं. ते सांगून झाल्यावर सेक्रेटरी आता कागद गोळा करून निघून जाणार, अशी माझी खात्री होती. त्यानं सांगितलेली गोष्ट मी भर चौकशीत मोडली होती. मला सोडलं असतं तर कुणी त्याला बोल लावला नसता.

तो खुर्ची पुढे ओढून बसला आणि लेबर ऑफिसरला प्रश्न विचारू लागला. पाळी तीनला सुटते, गेटपर्यंत दहा मिनिटं लागतात, मग बस तीन-दहाला कुणी ठेवली? पावणेतीनला लिहिलेल्या नोंदींवर सुपरवायझर इतकी वर्षं सह्या करतो, तेव्हा त्याला चार्जशीट का नाही? दोन सारखी चाकं शेजारी शेजारी, त्यांवर साधी पाटी का नाही? दोन तास तो हटला नाही. मी नुसता ऐकत होतो आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून टेबलाकडे बघत होतो.

दोघांच्याही नोकऱ्या वाचल्या. मला पंधरा दिवस सस्पेंड केलं, जोडीदाराला ताकीद दिली. बस तीन-पंचवीसची झाली आणि चाकांना पाट्या लागल्या. जोडीदारानं मला माफ केलं नाही. घरी निवट्या यायच्या बंद झाल्या. ज्याचे पाय भाजले त्याच्याविषयी निकालात एकच ओळ होती. 'सदर इसमाचा कंपनीशी संबंध नाही.'

सस्पेंड असतानाच मी शेवटी त्याला भेटायला गेलो. घणसोली गावात भाड्याच्या एका खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता. पाय पुढे पसरलेले, त्यांवर गुलाबी, ताणलेली कातडी. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. चूक माझी होती, मी चौकशीत तसं सांगितलं, हे मी एका दमात बोलून टाकलं. तो शिव्या देईल अशी माझी तयारी होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमाला किती दिस घरी बसवलं?" त्यानं विचारलं.

"पंधरा."

"आन् मंग परत घेणार?"

"हो."

"युनियनमुळं?"

"हो, युनियनमुळंच."

तो पायांकडे बघत म्हणाला, "मला बी यायचंय तुमच्या युनियनमधी. काय लागतं?"

"परमनंट असावं लागतं."

"आन् परमनंट व्हायला?"

"त्यासाठी युनियननं भांडावं लागतं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पुढचं ऐकायला तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या समोर बसलेली युनियन म्हणजे त्या वेळी मीच होतो.