टेकायची नसलेली घागर

चिडूनच लिहायला बसले आहे, हे आधीच कबूल करते. शांत झाल्यावर लिहीन म्हटलं असतं, तर हे कधी लिहूनच झालं नसतं.

लहानपणापासून चढ लागला की माझी छाती आवळल्यासारखी व्हायची. माहेरी सोमाटण्याला मला नाजूक म्हणायचे, लग्न होऊन वडिवळ्याला आले तर कामचुकार म्हणू लागले. भातलावणीत मी बांधावर बसले की सासूबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "सोंगं लय येत्यात हिला." डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त शुद्ध भाषेत. तिशीतल्या बाईला हृदयाचा आजार होत नसतो म्हणे!

आमच्याकडे चैत्रात सुनेनं डोंगरावरच्या देवीला अनवाणी पाण्याची घागर न्यायची आणि वाटेत ती टेकायची नाही, अशी रीत. १९७० सालानंतरच्या एका चैत्रात ती घागर माझ्याकडे आली. मला झेपणार नाही म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "देवीच्या कामाला बी सोंग?" मग मीही हट्टाला पेटले.

देऊळ वीस पावलांवर असताना छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. डावा हात गळाला, घामानं लुगडं भिजलं आणि घागर पडली. मी जमिनीवर तडफडत होते, तोंडातून नुसता हुंकार निघत होता. आणि माणसांनी काय केलं? संबळ वाजवायला घेतला! माझ्या अंगात देवी आली म्हणून कपाळावर मळवट भरला. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाई माझ्या पाया पडल्या, आणि विचारलं काय, तर "आये, घागर का सांडलीस? आमचं काय चुकलं?" मी मरत होते आणि यांना कौल हवा होता. आजही आठवलं की डोकं भणभणतं.

मनातल्या मनात मी देवीवरच खेकसले, बघत काय बसलीस? ने, नाहीतर सोडव. माझ्या हातात आता काही नाही.

तेवढ्यात एक अनोळखी आदिवासी ठाकरीण गर्दीतून पुढे आली. डोक्यावरची मोळी तिनं तिथंच टाकली, माझा हात धरला आणि ओरडली, "देवी न्हाई आली हिच्यात! अंग गार पडलंय, दिसत न्हाई व्हय? माजा भाऊ असाच घामेजून गेला." ठाकरणीच्या हाताचा विटाळ होईल, असं कुणीतरी पुटपुटलं. "व्हऊ दे," ती म्हणाली. घोंगडीची झोळी करून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मला कामशेतपर्यंत नेलं.

पुण्यात जीव वाचला, मुंबईत कारण कळलं. हृदयाला रक्त नेणारी डावी नळी जन्मापासूनच भलत्या बाजूनं निघालेली. श्रम झाले की ती चेपायची. असं फार क्वचित असतं, डॉक्टर म्हणाले. म्हणजे सोंग नव्हतं! मी तिथंच ढसाढसा रडले.

बरी झाल्यावर लुगडं घेऊन ठाकरवाडीवर गेले. ती हसली. "तुजं बरं झालं, बाय. माजी मोळी तेवडी कुनीतरी नेली बग." देवीचा जयजयकार करणाऱ्या त्या गर्दीतल्याच कुणीतरी!

आता मी डोंगर चढत नाही, पायथ्याशी हात जोडते. मी हात टेकले तेव्हा देवीनं माणूस धाडलं, एवढं मी मानते आणि त्या माणसाचे उपकार विसरत नाही. गावात कुणा बाईच्या अंगात आलं की सासूबाईच मला हाक मारतात. सगळे वाकलेले असतात. मी आधी तिचा हात धरून बघते, गरम आहे की गार. मग पाया पडते.