कातळावरचा मासा

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कळशी घेऊन आलेल्या एका बाईंमुळे माझं काम टिकलं, हे आधी सांगतो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी नांदेडकडचा, आठवीत शाळा सोडलेला. जुन्या वस्त्यांच्या खुणा मोबाईलवर टिपून सगळ्यांना खुल्या असलेल्या नकाशावर चढवायच्या, हे काम मोठ्या मिनतवारीने मिळालं होतं. मालवणजवळच्या त्या सड्यावर भर उन्हात कातळात कोरलेली एकही रेघ फोटोत उठेना. काम जातंय, या भीतीने मी कातळावरच बसकण मारली.

गुरं राखणाऱ्या त्या बाईंनी आधी मला पाणी पाजलं. "पी रे झिला, घाबारतंस कित्याक?" मग पदर खोचून उरलेलं पाणी त्यांनी बोटांनी रेघारेघांतून फिरवलं. कातळावर लांबलचक मासा उमटला. मी लगेच फोटो काढून नकाशावर चढवला.

"हो आमचो मासो. आता दाखय जगाक."

"आता कुठूनबी दिसंल, मावशी. कोण हात लावतंय त्याला?"

पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो, तर तिथे बांधकामाचे चिरे कापून काढायची चिरेखाण झाली होती. मासा चिऱ्यांबरोबर कापला गेला होता. बाई खाणीच्या कडेला, खाणवाल्यांकडे बघत उभ्या होत्या.

"साऱ्या जगाक दिसता म्हणालंस मां? मगे ह्यांका कसो दिसाक नाय?"

 एवढं बोलूनही त्यांनी कळशी माझ्यापुढे केली.

नकाशावर ठिपका आहे, त्याखाली खड्डा. फोटोतला मासा मात्र अजून त्यांच्या पाण्याने ओला आहे. तो मोठा छापून एक दिवस त्यांच्या हातात देईन. मासा परत येणार नाही, पण त्या पाण्याची फेड करीन.