बोटीनं मालवण घेतलं नाही

आमची सहल मेच्या पहिल्या आठवड्यात निघायची होती. ती शेवटच्या आठवड्यात निघाली, कारण निरोपाच्या समारंभाला प्रमुख पाहुणे मोकळे नव्हते. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या अर्जांत लिहिलं, की आजही ते मला अल्पविरामासकट पाठ आहे.

सहल काढली होती सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं. अडतीचा धंदा उत्तम चाललेला असताना माणसाला सहली का काढाव्याशा वाटतात, हे मला कधी कळलं नाही. बहुधा हळदीच्या पोत्यांना हार घालता येत नाहीत म्हणून. पत्रकावर त्यांनी स्वतःला 'संयोजक' म्हटलं होतं, म्हणून मीही तसंच म्हणते. कार्यक्रम असा: सांगली-साताऱ्याहून बसनं मुंबई, तिथून कोकणच्या बोटीनं मालवण, मालवणला एक दिवस मुक्काम आणि किल्ला, दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं पणजी, आणि बेळगावमार्गे बसनं परत. पत्रकावर बोटीचा फोटो होता आणि प्रमुख पाहुण्यांचा होता. पाहुण्यांचा मोठा होता.

मी तेव्हा साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. मला किल्ल्याचं काही नव्हतं. जायचं होतं ते आईला, आणि तिलाही किल्ल्याचं काही नव्हतं. तिची थोरली बहीण मालवणला होती. दोघींचा जन्म तिथलाच. आई लग्न होऊन घाटावर आली, मावशी तिथंच राहिली. अकरा वर्षांत दोघींची भेट नव्हती. त्या मार्चमध्ये मावसभावाचं पत्र आलं, की मावशीचा एक डोळा गेला आहे आणि दुसराही जातो आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत. खाली मावशीनं सांगितलेलं एक वाक्य होतं: दिसतंय तोवर येऊन जा, तुझं तोंड एकदा बघू दे.

एस.टी.नं जाता आलं असतं. पण आईला गाडी लागायची, आणि साधीसुधी नाही. घाटाचं पहिलं वळण आलं की तिचा चेहरा पिठासारखा व्हायचा. "तिला शेवटचं दाखवायचं तोंड असलं घेऊन जाऊ?" ती म्हणाली. म्हणून बोट. मुंबईपर्यंतच्या बसनं जे व्हायचं ते बोटीवरच्या रात्रीत निवळलं असतं. पत्रक मीच आणलं, मीच वाचून दाखवलं, आणि खरं सांगायचं तर बोटीत बसायची हौस मलाही होती.

तारीख पुढं गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी संयोजकांना सांगलीला ट्रंक कॉल लावला. पावसाळ्यात बोटी बंद होतात आणि मेअखेर समुद्र बिघडतो, हे घाटावरच्या माणसालाही ठाऊक असतं.

"आवं बाई, समुद्र काय कुठं पळून जातोय?" ते म्हणाले. "पण साहेबांची तारीख पुन्हा मिळायची न्हाई. लय अडचणीनं दिलीय त्यांनी."

निघायच्या दिवशी आम्ही सातारच्या स्टँडाबाहेर सकाळी सातपासून सामान घेऊन उभे होतो. बस अकराला आली. सांगलीला नारळ फुटला होता, भाषणं झाली होती, आणि मग कराडला आणि उंब्रजला त्यांच्या ओळखीच्या लोकांनी हार घातले होते. बसचा पुढचा भाग झेंडूत इतका बुडाला होता, की ड्रायव्हरला रस्ता दिसत असेल की नाही अशी शंका यावी. आमच्याबरोबर साताऱ्याहून चढले ते एक निवृत्त सुभेदार. त्यांनी घड्याळ बघितलं, हारांकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पलटणीत असं केलं असतं तर कोर्टमार्शल झालं असतं, गड्या!" मला ते त्या क्षणी फार आवडले.

बोट मुंबईहून सुटली तेव्हा समुद्र शांत होता. रत्नागिरीच्या पुढं तो शांत राहिला नाही. सुभेदार, ज्यांनी दोन लढाया बघितल्या होत्या, ते डेकवर आडवे झाले. आई मात्र खुशाल होती. तिनं त्यांना लिंबू नेऊन दिलं.

"काकू, तुमाला काईच व्हत न्हाई?"

"मी इथलीच आहे," आई म्हणाली. चाळीस वर्षं साताऱ्यात राहून तिनं हे वाक्य पहिल्यांदाच म्हटलेलं मी ऐकलं.

पहाटे तिनं मला उठवलं. तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून, पिशवी काखेत घेऊन ती कठड्याशी उभी होती. मालवणला धक्का नव्हता. बोट बाहेर थांबायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येऊन माणसं उतरवून न्यायचे. फटफटत होतं. किनारा दिसत होता, झाडं दिसत होती. मावसभाऊ पडावातून घ्यायला येणार, असं ठरलं होतं. बोटीनं भोंगा दिला. वेग थोडा कमी झाला. मग परत वाढला.

खाकी कपड्यातला बोटीवरचा एक माणूस डेकवरून सांगत गेला, "मालवण घेत नाही आज. लाट आहे. पडाव येणार नाहीत. मालवणवाले पणजीला उतरा."

"घेत नाही म्हणजे काय?" आईनं त्याला विचारलं. "ते काय समोर दिसतंय."

"दिसतंय, पण खडक आहेत, आजी. लाटेत पडाव फुटतात."

तो बरोबर होता. त्याच्यावर मला कधीच राग धरता आला नाही, आणि रागाला जागा मिळाली नाही की तो माणसाला किती छळतो, ते मी त्या सकाळी शिकले. आई कठड्यापासून हलली नाही. मालवण मागं जाऊन दिसेनासं झालं, तरी ती पिशवी काखेतच धरून होती.

पणजीला उतरल्यावर, सामान खाली यायच्या आत, एक समिती स्थापन झाली. मालवण बुडालं, किल्ला बुडाला, एक दिवस बुडाला, भरपाई पाहिजे. यावर सगळ्यांचं एकमत होतं. अध्यक्ष कोण यावर नव्हतं. त्यात पाऊण तास गेला. शेवटी सुभेदार अध्यक्ष झाले, कारण उलट्या थांबल्यावर त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी चिटणीस, कारण माझ्याकडं पेन होतं.

आई सामानावर बसली होती. तिनं मला हळूच विचारलं, "इथनं मालवणला एस.टी. असेल ना? मध्ये मोठा घाटही नाही. आपण दोघीच जाऊ या का?"

इथं मी जे उत्तर दिलं, ते मला विसरता आलेलं नाही. मी म्हणाले, "आपण का म्हणून? पोचवायची जबाबदारी त्यांची आहे."

आणि संयोजकांनी लगेच ती मान्यही केली. समितीसमोर, छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "बाकीच्यांचं आपण सांगलीत बसून बघू. पण आईंना मी परत गेल्यावर स्वतंत्र मोटारीनं मालवणला पोचवतो. पुढच्या सीटवर बसवून. मोटारीत पुढं बसलं की गाडी लागत न्हाई. माझा शब्द हाय." सुभेदारांनी टाळ्या वाजवल्या. मी ते वहीत लिहून घेतलं. त्या संध्याकाळी पणजीत आमच्या स्वागताचा कार्यक्रम आधीच छापलेला होता, तो झाला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि माझा पत्रव्यवहारही. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, की मोटार दुरुस्तीला आहे. दुसऱ्याला, की घाटात दरड आली आहे. दरड खरी होती, मी चौकशी केली. पण ती आठ दिवसांत काढली होती, हेही मी चौकशी करून पुढच्या अर्जात घातलं. माझे अर्ज चांगले होते. शाळेतल्या बाई मधल्या सुट्टीत ते मोठ्यानं वाचायला लावायच्या. 'समुद्रास प्रमुख पाहुण्यांच्या सोयीनुसार थांबण्याची सवय नाही' या वाक्यावर फार हसल्या होत्या. मी घरी येऊन ते आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. मोटार कधी येणार?"

जुलैत मावसभावाचं पत्र आलं. ते आईनंच उघडलं. आता मावशी दारातून आलेलं माणूस आवाजावरून ओळखते, असं त्यात होतं. आईनं पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या त्या अर्जाचं काय झालं?"

मी सुभेदारांकडं गेले. ते अंगणात खुरपं घेऊन बसले होते.

"बाई, आता ताणू नका," ते म्हणाले. "मानूस वाईट न्हाई. सांगलीत आपल्या समद्यांचा कार्यक्रम करणार हाय. तिथं समदं मिटवू."

"कसला कार्यक्रम?"

त्यांनी खुरपं पुसलं. "सत्कार."

"कुणाचा?"

"आपला." मग जरा थांबून, "माज्या हातनं प्रस्तावना हाय."

असा समितीचा अध्यक्ष गेला. मोटार सांगलीतच मिळेल, तिथून थेट मालवणला जाता येईल, असा संयोजकांचा निरोप होता. तो खरा धरून मी चार दिवसांची रजा काढली, दोघींचे कपडे भरले. हा कार्यक्रमसुद्धा दोनदा पुढं गेला. कारण तेच, साहेब मोकळे नव्हते. शेवटी ऑगस्टमध्ये तारीख मिळाली.

कृष्णेला पाणी होतं, सांगलीचे लोक पुलावर उभे राहून ते बघत होते. मार्केटजवळच्या त्या सभागृहात बाहेरची ओल आणि हळदीचा वास असा काही मिसळला होता, की डोकं दुखावं. व्यासपीठामागं निळ्या कापडावर पांढरा नांगर रंगवला होता. बोटीचा असावा, पण त्यांनी तो शेतातला बघून काढला होता. प्रत्येक प्रवाशाला शाल, नारळ आणि 'साहसी सागरप्रवासी' असं प्रशस्तिपत्रक. संयोजक म्हणाले, की समुद्रानं आमची परीक्षा घेतली. सुभेदार म्हणाले, की आमच्यातला एकही मागं हटला नाही. ज्यांच्या तारखेपायी सगळं झालं ते साहेब म्हणाले, की आमच्यासारखे लोक बघून त्यांना हेवा वाटतो. लोक नारळ मांडीवर घेऊन शांत बसले होते. जूनमध्ये यातले निम्मे मला पत्रानं बजावत होते, की बाई, सोडायचं नाही हं.

सगळ्यांत वडीलधारी म्हणून आईला शेवटी वर बोलावलं. साहेबांनी स्वतः शाल घातली. "आईंनी दोन शब्द बोलावेत," संयोजक म्हणाले, आणि माईक तिच्या तोंडाशी धरला.

आईनं सभागृहाकडं बघितलं नाही. तिनं त्यांच्याकडं बघितलं. "मोटार कुठं आहे?" तिनं विचारलं.

मग कुणीतरी हसलं, आणि सगळं सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. "आईंचा स्वभाव लय विनोदी!" संयोजक माईकवर म्हणाले. आईनं माईकवर हात ठेवून पुन्हा काही विचारायचा प्रयत्न केला, पण तोवर राष्ट्रगीत सुरू झालं होतं आणि ती सवयीनं ताठ उभी राहिली.

खाली आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "उद्या सकाळची एस.टी. किती वाजता?"

कोल्हापूरला गाडी बदलून, फोंड्याच्या घाटानं, भर पावसात आम्ही गेलो. ती सहा वेळा ओकली. लिंबू, कागदाच्या पिशव्या, ओल्या टॉवेलची घडी, कशाचा उपयोग झाला नाही. कंडक्टरनं गाडी एकदा थांबवली आणि बाकीचे उतारू आमच्यावर चिडले. मी तिची पाठ चोळत होते आणि डोक्यात माझेच अर्ज घोळत होते, एकेक वाक्य, सगळी व्याकरणशुद्ध.

मालवणच्या स्टँडवर तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले, लुगडं बदललं. मावशी पडवीत बसली होती. आई तिच्यासमोर जाऊन, काही न बोलता, उजेडाकडं तोंड करून उभी राहिली. मला वाटतं तिला अजूनही आशा होती.

मावशीनं मान वर केली. "कोण इला रे?" तिनं मावसभावाला विचारलं.

आई आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी गं."

"तू? बोटीन इलंस?"

"बोटी बंद आहेत. एस.टी.नं."

"मगे ओकलं असशीत."

"सहा वेळा," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. आई तिच्याजवळ खाली बसली. आपापल्या बोलीत त्या कोण गेलं, कुणाचं लग्न झालं ते बोलू लागल्या. मध्येच मावशी अगदी सहज म्हणाली, "मे म्हयन्यात थोडा दिसत होता गो. दिवसाउजेडी, जवळ इला तर."

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"सांग मगे," मावशी म्हणाली, "आता कशी दिसतंस?"

आईनं विचार करून सांगितलं. केस सगळे पांढरे झालेत. पुढचे दोन दात गेलेत. वजन वाढलंय, पण हात तेवढेच आहेत. आणि चेहरा आईसारखा झालाय, सगळे म्हणतात.

"मगे बरा झाला," मावशी म्हणाली. "आवशीचा तोंड माका म्हायत आसा."

"ते नव्हे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला, सभागृहात चढला नव्हता तेवढा. "मला दिसायचं होतं तुला."

मावशीनं तिचा हात धरून ठेवला. मावसभाऊ चहा सांगायला आत गेला. मी पिशव्या उचलून कुठं ठेवायच्या ते बघत राहिले.